उपलब्ध साधनांनी निघावे

१५ फेब्रुवारी २०२२. कीव्हमधल्या भारतीय दूतावासाने कळवलं की ज्यांचं युक्रेनमध्ये राहणं अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरता देश सोडण्याचा विचार करायला हरकत नाही. २२ तारखेला कळवलं, ऑनलाइन वर्गांचं कॉलेज काय ठरवतंय याची वाट बघू नका, निघा. २४ ला पहाटे रशियन फौजा घुसल्या, आकाश बंद झालं, आणि आपली पोरं आणायला गेलेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेवरून माघारी फिरलं. १ मार्चला फर्मान: आजच्या आज कीव्ह सोडा, रेल्वे मिळाली तर रेल्वेने, नाहीतर मिळेल त्या साधनाने. २ मार्चला खारकीव्हमधल्यांना: संध्याकाळी सहाच्या आत अमुक तीन गावांपैकी एक गाठा, गाडी मिळत नसेल तर चालत.

पंधरा दिवसांत ‘विचार करा’ पासून ‘चालत जा’ पर्यंत. सरकारी कामाला गती नसते, असं यापुढे कोणी म्हणू नये.

दूतावासाचीही अडचण समजून घ्या. पहिल्याच दिवशी ‘पळा’ म्हटलं तर यजमान देश डोळे वटारतो, आणि युद्ध झालंच नाही तर घरचे लोक पैसे बुडाले म्हणून ओरडतात. म्हणून पहिली सूचना नेहमी लाजत-लाजत येते. शहाण्याने तीच शेवटची मानावी. पहिली सूचना येते तेव्हा तिकीट महाग असतं. शेवटची येते तेव्हा तिकीट नसतं.

पोरं का थांबली? फी भरलेली, हजेरी सक्तीची, तिकीट महाग. घरी बापाने कर्ज काढलेलं. ‘डॉक्टर होऊन ये’ असं सांगून पाठवलेला मुलगा दूतावासाच्या चार ओळींवर अर्ध्यातून परत आला असता, तर गावाने त्याला भित्रा ठरवला असता. धोक्याचा अंदाज बांधताना हे गणित कुठल्याच मंत्रालयाला मांडता येत नाही.

जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण एकमेकांवर क्षेपणास्त्रं टाकू लागले. तेव्हा तेहरानमधल्या विद्यार्थ्यांना दूतावासाने बाहेर हलवलं, काहींना आर्मेनियाच्या सीमेपर्यंत नेलं. काम चोख झालं, त्याबद्दल शंका नाही. बाकीच्यांसाठी सूचना होती की ज्यांची स्वतःची वाहनाची सोय आहे त्यांनी शहर सोडावं. ज्यांची नाही त्यांनी काय करावं, हे ज्याचं त्याने ओळखायचं.

मुद्दा इथेच आहे. सूचना निघते ती निघू शकणाऱ्यासाठी. ज्याच्या खिशात पासपोर्ट आहे, पासपोर्टात व्हिसा आहे, बँकेत तिकिटाचे पैसे आहेत आणि ‘येतो’ म्हणून सांगायला ज्याला कोणाची परवानगी लागत नाही, त्याला सूचना कळते आणि वळतेही. उरलेल्याला फक्त कळते.

*

गोव्यातला मोपाचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन पावला, ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला आणि परदेश एकदम पेडण्याच्या माळावर येऊन बसला. जमिनी गेल्या त्या मोपा, वारखंड, चांदेल, उगवे, कासारवर्ण्याच्या लोकांच्या. बदल्यात नोकऱ्या मिळतील म्हणून पोरांनी अर्ज केले, टॅक्सीवाल्यांनी उपोषणं-मोर्चे केले. ज्यांना नाही मिळाल्या त्यातले काही आता त्याच विमानतळावरून बाहेर जातात. एवढी सोय मात्र झाली.

या विमानतळावर परदेशी जाणाऱ्यांच्या दोन जाती दिसतात. एक सहलवाला, दुसरा पोटवाला. दोघांची रांग एक, सुरक्षा तपासणी एक, बेल्ट काढून पँट धरायची पद्धतही एक. फरक जगात कुठे भडका उडाला की पडतो.

आधी सहलवाला घेऊ, कारण त्याच्यावर हसणं सोपं आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ सरकारने फेसबुक, यूट्यूब वगैरे बंद केलं. ८ तारखेला काठमांडूत तरुण रस्त्यावर आले, गोळीबारात एकोणीस जण मेले. ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद जळाली, सिंहदरबार जळाला, हिल्टन हॉटेल जळालं आणि विमानतळ बंद झाला. पशुपतिनाथाला गेलेले महाराष्ट्रातले पर्यटकही त्यात अडकले. अशा वेळी सूचना काय असते? हॉटेलात थांबा, गर्दीत जाऊ नका. आणि आपला माणूस काय करतो? गॅलरीत उभा राहून धुराचं चित्रीकरण करतो आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो: ‘आम्ही सेफ आहोत, काळजी नसावी.’ दुसऱ्याच्या देशातला मोर्चा फुकटचा तमाशा वाटतो. पण दगड भिरकावणाऱ्याला आपण म्हापशाहून आलोय की मॅनहॅटनहून, हे विचारायला सवड नसते. उलट तिथे आपल्याला ओळखणारं कोणी नसतं, आपल्यासाठी ‘सोड रे, आपला माणूस आहे’ म्हणणारंही नसतं.

मग इन्शुरन्स. सहलवाल्याने तो काढलेला असतो, कारण व्हिसाला लागतो किंवा टूरवाल्याने गळ्यात मारलेला असतो. कागद वाचलेला नसतो. बहुतेक प्रवास विम्यांत युद्ध सरळ वगळलेलं असतं, दंगलीचा भाग कुठे असतो कुठे नसतो, आणि सरकारने ‘जाऊ नका’ म्हटल्यावर गेलात तर दावा फेटाळायला कंपनीला आयतं निमित्त. बॅग हरवली तर भरपाई मिळते. देश हरवला तर नाही.

तरी सहलवाल्याकडे एक हत्यार आहे: कॅन्सल. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर तुर्कस्तान आणि अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा देशभर इस्तंबूल आणि बाकूची बुकिंगं धडाधड रद्द झाली. चांगलं झालं. पण ज्या देशभक्तीचा रिफंड मागता येतो ती देशभक्ती परवडते, एवढंच नोंदवून ठेवतो.

*

पोटवाल्याचं वेगळं.

डिचोलीत २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मग थोड्या चालल्या, आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. दारात ट्रक उभे, ट्रकाच्या दारात बँक उभी. ज्यांना यंत्रावर बसायची सवय होती, गाडी चालवता येत होती, वेल्डिंग येत होतं, त्यांच्यातल्या काहींनी बाहेरची वाट धरली. पेडण्यात, डिचोलीत विचारा, ‘मुलगा काय करतो?’ ‘गल्फात असतो’, नाहीतर ‘बोटीवर आहे’. गल्फ हा एक देश आणि बोट हा दुसरा. त्यांच्या राजधान्या आईला सांगता येत नाहीत आणि सांगायची गरजही नसते. पैसे वेळेवर आले की भूगोल पुरे होतो.

आता कुवेतचं ऐका. १ जुलै २०२५ पासून तिथल्या खासगी नोकरीतल्या परदेशी माणसाला देशाबाहेर पडायला मालकाचा परवाना लागतो. ॲपवर अर्ज करायचा, मालकाने मान्य करायचा, मग विमानतळ. शांततेच्या काळात हे नुसतं कटकटीचं. पण समजा उद्या आखातात पेटलं आणि दूतावास म्हणाला ‘निघा’, मालक म्हणाला ‘थांब’, तर पोराने कोणाचं ऐकायचं? परराष्ट्र मंत्रालयाच्या पत्रकावर सही असते, ॲपवर हिरवं बटण. दार बटणाने उघडतं.

आणि हे कुवेत म्हणजे काय नवीन गाव नव्हे. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामचे रणगाडे तिथे घुसले, तेव्हा गोव्यातली किती घरं रेडिओला कान लावून बसली होती, ते त्या पिढीला विचारा. आपल्याला त्यातलं विमान आठवतं, कारण विमानावर सिनेमा निघाला. अम्मानहून एअर इंडियाची ४८८ उड्डाणं, ५९ दिवस, पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं. विक्रम आहे, अभिमान वाटतो, वाटावाच. परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला गेले आणि सद्दामने त्यांना मिठी मारली. त्या मिठीवर इथे बरीच टीका झाली, पण माणसं सुटली.

मात्र विमान अम्मानला होतं आणि माणूस कुवेतमध्ये. मधल्या वाळवंटाचा सिनेमा कोणी फारसा काढत नाही. बसने बगदाद, तिथून जॉर्डनची सीमा, सीमेवर उन्हात तंबू, पाण्यासाठी रांग. बँकेतल्या कुवेती दिनारांचा कागद झालेला. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि मालक देशाबाहेर, अशी गत झालेलेही होते. पासपोर्ट कामगाराकडून काढून घेऊ नये असा कायदा आखातात आता ठिकठिकाणी आहे. कपाटंही आहेत.

नंतर संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात नुकसानभरपाईचा आयोग बसवला. इराकच्या तेलाच्या पैशातून त्याने दावे भागवले, शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये फिटला, एकूण सुमारे ५२०० कोटी डॉलर. त्यात साध्या माणसासाठी एक सरळ वर्ग होता: त्या काळात कुवेत किंवा इराक सोडून जावं लागलं, एवढं सिद्ध करा, एकट्याला २५०० डॉलर, कुटुंबाला ५०००. सिद्ध कशाने करणार? शिक्क्याने, तिकिटाने, कसल्यातरी चिठोऱ्याने. जिवाच्या आकांताने पळताना ज्याने खिशातला कागद फेकला नाही, त्याला त्या कागदाचे पैसे मिळाले. म्हणून आमचा आग्रह असा की पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार आणि कंपनीचा पत्ता यांचे फोटो स्वतःच्या फोनात ठेवाच, आणि एक प्रत घरी गणपतीच्या सामानाच्या पेटीत टाका. ती पेटी घरात कोणी हरवत नाही.

दूतावासात नाव नोंदवायलाही काही पडत नाही. आपल्याकडे मात्र नोंदणी म्हटलं की माणसाला कर आठवतो. युक्रेनमधून बाहेर पडलेल्यांत आधी नोंदणी न केलेलेही बरेच निघाले, असं मंत्रालयानेच मागाहून सांगितलं. लग्नाच्या पंगतीत नाव न सांगता बसता येतं. बॉम्बवर्षावात यादीत असलेलं बरं.

परत आलेल्यांचं स्वागत हा आणखी एक प्रकार. २०२२ मध्ये विमानतळावर मंत्री उभे, हातात गुलाब. परतलेल्यांतला एक विद्यार्थी कॅमेऱ्यासमोर विचारत होता, आता या फुलाचं मी काय करू? हंगेरीच्या सीमेपर्यंत त्याला स्वतःच पोचावं लागलं होतं. फूल सरकारने सीमेच्या अलीकडे द्यावं की पलीकडे, यावर एखादी समिती नेमायला हरकत नाही.

*

गोव्यात आणखी एक गाठ आहे, ती बाकीच्या देशाला नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्याची मुलं-नातवंडं लिस्बनला नोंद करून पोर्तुगीज होतात. २०२० पर्यंत लंडनला, स्विंडनला जायला बरं पडायचं, म्हणून होत. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण संकटाच्या वेळी दूतावास आडनाव पाहत नाही, पासपोर्ट पाहतो. एकाच घरातला थोरला निळ्या पासपोर्टावर, धाकटा तांबड्या. दोघे एकाच शहरात अडकले तर थोरल्याने आपल्या दूतावासाला फोन करायचा आणि धाकट्याने पोर्तुगालच्या. तिथे पोर्तुगालची कचेरी नसेल तर युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाच्या दारात जायचा त्याला हक्क आहे. हे त्याला माहीत असतं का? पासपोर्ट करून देणाऱ्या एजंटाने फी घेतली, हे सांगितलं नाही. २०१५ मध्ये येमेनमधून ऑपरेशन राहतने साडेचार हजारांवर भारतीयांबरोबर नऊशेहून अधिक परदेशी नागरिकही आणले, तेव्हा धाकट्यालाही जागा मिळेल कदाचित. मिळाली तर पाहुणा म्हणून.

आणि मंत्रालयांच्या उजव्या हाताचं डाव्याला कळत नाही, ते सगळीकडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन अजय’ करून इस्रायलमधून भारतीयांना परत आणलं. तीनच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, रोहतकला आणि लखनौला इस्रायलसाठी गवंडी, सुतार, सळया बांधणारे यांची भरती. रांगा लागल्या. २ एप्रिल २०२४ ला पहिली तुकडी रवाना झाली. १२ एप्रिलला परराष्ट्र मंत्रालयाची सूचना: इराण आणि इस्रायलला जाऊ नये. १३ च्या रात्री इराणची ड्रोन आणि क्षेपणास्त्रं इस्रायलवर. जे दहा दिवसांपूर्वी गेले त्यांना ‘जाऊ नये’ कसं लागू करायचं? रोहतकच्या रांगेतला एक गवंडी तेव्हा पत्रकारांना जे सांगत होता, त्याचा अर्थ एवढाच की इथे उपाशी राहण्यापेक्षा तिथे काम करून मेलेलं बरं. सुरक्षेच्या कुठल्याही पत्रकाला याचं उत्तर देता आलेलं नाही. पगार दीड लाखाच्या घरात होता.

*

आपल्यावरही सूचना निघतात बरं का. अमेरिकेच्या यादीत भारत दुसऱ्या पायरीवर आहे, जादा काळजी घ्या, गुन्हे आणि दहशतवाद. हे वाचलं की आपलं रक्त तापतं. आपलं मंत्रालय दुसऱ्या देशाबद्दल लिहितं ती दूरदृष्टी, दुसऱ्याने आपल्याबद्दल लिहिलं की बदनामी. मोरजी-हरमलच्या रशियनांना आणि युक्रेनियनांना मात्र त्यांच्या देशांत चाललेल्या युद्धापेक्षा इथला किनारा सुरक्षित वाटला, आणि रूमवाल्याने दोघांनाही एकाच दराने खोली दिली. ९ जानेवारी २०२३ ला मॉस्कोहून गोव्याला येणारं विमान बॉम्बच्या ई-मेलमुळे जामनगरला उतरवलं. रात्रभर शोधलं, काही सापडलं नाही. प्रवासी दुसऱ्या दिवशी आले आणि समुद्रात गेले.

पेडणे तालुका स्वतःच परदेश होता, हे आता पोरांना सांगावं लागतं. १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्याच्या बाजूने सत्याग्रही पत्रादेवीला सीमा ओलांडून आत आले, निःशस्त्र, पासपोर्टाशिवाय, आणि पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या दिवशी गोव्याच्या सीमांवर मिळून वीसहून अधिक माणसं मेली. १ सप्टेंबरला भारताने पणजीतला आपला वाणिज्य दूतावास बंद केला, त्याच महिन्यात सत्याग्रहालाही मनाई केली. म्हणजे सूचना तेव्हाही गोळीनंतर आली. आज त्याच पत्रादेवीच्या नाक्यावर पोलीस डिकी उघडून बाटल्या मोजतात. हुतात्मा स्मारक शेजारी आहे. गाड्या तिथे क्वचित थांबतात, नाक्यावर थांबावंच लागतं.

आणि घर सुरक्षित म्हणावं, तर ३ मे २०२५ च्या पहाटे डिचोलीतल्या शिरगावात, लईराईच्या जत्रेत, चेंगराचेंगरीत देवीचे व्रतस्थ धोंड आणि भाविक मेले. कुठल्याच देशाच्या यादीत शिरगाव नव्हतं. आपल्या यादीतही नव्हतं, हे जास्त टोचतं.

*

राहिला बोटीवरचा.

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथींनी तांबड्या समुद्रात जहाजं धरायला आणि जाळायला सुरुवात केली. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटना आणि जहाजमालक यांच्यात एक करार आहे. त्याखाली दक्षिण तांबडा समुद्र आणि एडनचं आखात युद्धसदृश भाग ठरलं. करार लागू असलेल्या जहाजावरच्या माणसाला तिकडे जायला नकार देता येतो, आणि कंपनीने त्याला आपल्या खर्चाने घरी पाठवायचं असतं. गेला तर तिथल्या दिवसांना मूळ पगाराइतका जादा भत्ता. मेला किंवा जायबंदी झाला तर भरपाई दुप्पट. सगळं छापील आहे, व्यवस्थित आहे, आणि आम्ही या सदरात क्वचितच कोणाचं कौतुक करतो, पण हा करार चांगला आहे. दूतावासाच्या चार ओळींपेक्षा त्यात माणसाचा विचार जास्त आहे, कारण त्यात ‘निघा’च्या पुढे तिकीट कोणाचं तेही लिहिलंय.

फक्त नकार देणाऱ्याला पुढच्या कंत्राटासाठी एजंटाचा फोन येईल की नाही, हे त्यात नाही. आणि घराच्या स्लॅबचं कर्ज, बहिणीचं लग्न, महिन्याचा हप्ता यांना युद्धसदृश भाग ही सवलत लागू होत नाही. तेव्हा तो जातो. रात्री दिवे विझवून, डेकवर कोणी नसताना जहाज बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी ओलांडतं. आठवड्याने आईला फोन लागतो आणि तो सांगतो, नेट नव्हतं.

गावात तोवर बातमी पोचलेली असते. तिठ्यावरच्या चहावाल्याकडे बसलेल्यांना बाब-अल-मंदेब कुठे आहे ते माहीत नसतं, पण भत्त्याचं सगळं माहीत असतं. बापाला गाठून एकजण विचारतोच, ‘झिलाक डबल पगार मेळटा म्हणटात, खरें?’